यंत्रांची हजेरी

वर्गात हजेरी घेताना एखाद्या क्रमांकाला उत्तर आले नाही, तर त्याची कारणे अनेक असू शकतात. मूल आलेच नसेल. आले असेल, पण खिडकीबाहेर पाहत असेल. किंवा त्याने 'हजर' म्हटले असेल आणि शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांच्या गजरात ते आपल्याला ऐकू आले नसेल. शिक्षक मान वर करून बाकाकडे पाहतात आणि प्रश्न तिथेच सुटतो. आता अशी कल्पना करा, की शिक्षकांना मान वर करताच येत नाही. जे काही कळायचे ते फक्त कानांनी. मग गप्प मूल आणि गैरहजर मूल यांतला फरक ओळखायचा कसा?

संगणकांच्या जगात हा प्रश्न गेली अनेक दशके ठाण मांडून बसला आहे. बँक, रेल्वेचे आरक्षण, शेअर बाजार अशा ठिकाणी काम एका संगणकावर सोपवत नाहीत. दोन, तीन किंवा अधिक संगणकांचा गट करतात आणि त्यातला एक बंद पडला की दुसऱ्याने त्याचे काम उचलावे अशी योजना असते. अशा गटाला 'क्लस्टर' म्हणतात. (हवामानाच्या अंदाजासारखी मोठी आकडेमोड वाटून करण्यासाठी संगणक जोडतात, त्यालाही क्लस्टरच म्हणतात, पण तिथला हेतू वेग हा असतो. इथला हेतू काम न थांबणे हा आहे.) या गटाची देखभाल करणारा माणूस पडद्यावर एखादी छोटी आज्ञा टाइप करतो आणि उत्तरादाखल चार ओळी उमटतात: अमुक संगणक हजर, तमुक गैरहजर. या चार ओळी कशा तयार होतात आणि त्यांवर किती विश्वास ठेवावा, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

जोडीने काम करणाऱ्या संगणकांचे पहिले मोठे उदाहरण लष्करी आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने १९५८ पासून 'सेज' नावाची हवाई संरक्षण यंत्रणा उभी केली. तिच्या प्रत्येक केंद्रात आयबीएमने बनवलेल्या महाकाय संगणकांची जोडी असे. त्या काळात ट्रान्झिस्टर अजून रुळलेला नव्हता. हजारो निर्वात नळ्यांवर हे संगणक चालत, आणि नळी म्हणजे शेवटी विजेच्या दिव्याची बहीण; ती कधीतरी जाणारच. म्हणून जोडीतला एक संगणक रडारची माहिती हाताळत असताना दुसरा तयारीत राही. राखीव यंत्राच्या नळ्यांना दिला जाणारा विद्युतदाब मुद्दाम थोडा कमीजास्त करून पाहत. जी नळी अशा ताणाखाली चुकते ती लवकरच जाणार हे ओळखून आधीच बदलून टाकत. यंत्राची प्रकृती कशी आहे हे देखभाल-फलकावरच्या चिमुकल्या निऑन दिव्यांवरून वाचता येई. इथे दोन्ही यंत्रे एका छपराखाली होती आणि त्यांच्याकडे पाहणारी माणसे चोवीस तास हजर होती. गप्प की गैरहजर, हा प्रश्न माणूस मान वर करूनच सोडवत होता.

माणसाला बाजूला सारून यंत्रांनीच एकमेकांची हजेरी घ्यावी, ही कल्पना विक्रीयोग्य संगणकात आणली ती टँडेम या कंपनीने. जेम्स ट्रेबिग यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली आणि १९७६ मध्ये पहिले यंत्र सिटीबँकेला दिले. यंत्राचे नावच 'नॉनस्टॉप' होते. त्यात दोन ते सोळा प्रोसेसर असत, आणि प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र असे. त्यांना जोडणारे मार्गही एकाऐवजी दोन होते. साधारण दर सेकंदाला प्रत्येक प्रोसेसर इतर सर्वांना दोन्ही मार्गांनी एक छोटासा निरोप पाठवी: 'मी जिवंत आहे'. दर दोन सेकंदांनी प्रत्येक जण तपासून पाही, की कोणाचा निरोप आला नाही. ज्याचा आला नाही तो गेला असे धरून त्याची कामे दुसरा उचलत असे.

पद्धत इतकी साधी आहे, की तिच्यातली खरी गंमत सहज नजरेतून निसटते. 'मी मेलो' असा निरोप कोणीच पाठवू शकत नाही. मृत्यूची बातमी नेहमी निरोपाच्या अभावातूनच काढावी लागते. आणि अभावातून निष्कर्ष काढायचा तर मुदत ठरवावी लागते. आपल्या कायद्यानेही हेच केले आहे. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार, ज्या माणसाची बातमी त्याच्या आप्तांना एरवी लागली असती अशांनाही सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते. २०२४ मध्ये त्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. कायद्याची मुदत सात वर्षे, टँडेमची दोन सेकंद. तत्त्व एकच. मुदत लांब ठेवली तर मालमत्ता तोवर अडकून पडते. आखूड ठेवली तर 'मयत' माणूस एक दिवस दारात उभा राहतो.

टँडेमच्या अभियंत्यांनाही हा दारात उभा राहणारा मयत भेटला. एखादा प्रोसेसर बंद पडलेला नसे, नुसता कामात बुडालेला असे, आणि त्याचा निरोप उशिरा निघे. म्हणून पुढे त्यांनी अशा वेळी सर्व प्रोसेसरांनी पुन्हा एकदा आपापसात विचारपूस करून कोण आत, कोण बाहेर हे एकमताने ठरवण्याची पद्धत आणली. आपल्याकडे मुंबई शेअर बाजाराने १९९५ मध्ये 'बोल्ट' ही संगणकीय व्यवहारपद्धत सुरू केली, ती टँडेमच्याच यंत्रांवर.

'एकमताने ठरवणे' हे शब्द लिहायला सोपे आहेत. त्यात केवढी अडचण आहे हे दाखवणारे एक कोडे १९७५ मध्ये काही संगणकतज्ज्ञांनी मांडले आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला आज रूढ असलेले रूप दिले. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना ते जरूर घालावे. एका दरीच्या दोन बाजूंच्या टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत. दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय. एकट्याने केला तर नाश. निरोप्याला दरीतूनच जावे लागते आणि तो वाटेत पकडला जाऊ शकतो. पहिला सेनापती 'उद्या पहाटे' असा निरोप पाठवतो. तो पोचला की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून दुसऱ्याने पोच पाठवली पाहिजे. पण ती पोच मिळाली की नाही हे दुसऱ्याला कळत नाही, म्हणून पोचेची पोच हवी. हे कुठे थांबेल?

कुठेच नाही, आणि याची सिद्धता फळ्यावर चार ओळींत करता येते. समजा, अशी एक रीत आहे जिच्यात निरोपे हरवू शकत असूनही दोघांचे खात्रीने एकमत होते. अशा सर्व रीतींपैकी जिच्यात सर्वांत कमी निरोप लागतात ती घ्या. तिच्यातला शेवटचा निरोप हरवू शकतो. रीत खात्रीची आहे, म्हणजे तो हरवला तरी दोघे हल्ला करतातच. मग तो निरोप अनावश्यक ठरला. तो गाळून आणखी छोटी रीत मिळाली. पण आपण तर सर्वांत छोटी घेतली होती! हा विरोधाभास आला, म्हणून अशी रीतच नाही.

तास संपायच्या आत हे प्रत्यक्षही करून पाहता येते. मुलांचे दोन गट वर्गाच्या दोन टोकांना बसवावेत, चिठ्ठ्या नेणारे एक मूल मध्ये ठेवावे आणि त्याने नाणे उडवून काटा आला तर चिठ्ठी खिशात टाकावी. दोन्ही गटांना एकाच आकड्यावर हात वर करायचा आहे. पाचव्या-सहाव्या चिठ्ठीनंतर मुले स्वतःच भांडायला लागतात, आणि ते भांडण ऐकण्यासारखे असते.

१९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटर्सन या तिघांनी याहून खोल गोष्ट सिद्ध केली. निरोप हरवत नाहीत, फक्त त्यांना किती उशीर होईल याला मर्यादा नाही, आणि गटातला अगदी एकच सदस्य बंद पडण्याची शक्यता आहे, एवढे जरी धरले तरी ठरावीक मुदतीत खात्रीने एकमत घडवणारी कोणतीही ठाशीव रीत असू शकत नाही. कारण शेवटी तेच: हळू चालणारा आणि मेलेला, यांतला फरक बाहेरून कळत नाही. विज्ञानात अशक्यतेची प्रमेये विरळ असतात आणि माझ्या मते ती शाळेत फार कमी सांगितली जातात. कोनाचे त्रिभाजन नुसत्या पट्टी-कंपासने होत नाही, हे एक. हे दुसरे.

प्रमेय काहीही म्हणो, क्लस्टर तर विकायचे होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८३ मध्ये आपले व्हॅक्स संगणक गटाने जोडण्याची योजना जाहीर केली. अनेक व्हॅक्स यंत्रे एकाच डिस्कवरची तीच माहिती एकाच वेळी वापरू शकत. आपल्या रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत सुरू झाले ते व्हॅक्सवरच, म्हणून आरक्षणाचेच उदाहरण घेऊ. समजा, दोन संगणकांमधली तार तुटली. दोन्ही संगणक धडधाकट आहेत, पण प्रत्येकाला वाटते की दुसरा मेला. मग दोघेही मोठ्या कर्तव्यबुद्धीने सर्व काम आपल्याकडे घेतात, आणि दोघेही त्याच डब्यातली ३२ क्रमांकाची जागा दोन वेगळ्या प्रवाशांना देतात. या स्थितीला मेंदू दुभंगणे म्हणतात. संगणक बंद पडला तर रांगेतल्या लोकांचा एक तास जातो. मेंदू दुभंगला तर नोंदवहीच खोटी होते, आणि कुठून खोटी झाली हे शोधायला दिवस लागतात.

व्हॅक्स क्लस्टरने यावर काढलेला उपाय ग्रामपंचायतीच्या सभेला बसणाऱ्या कोणालाही चटकन कळेल: गणपूर्ती. प्रत्येक संगणकाला एक मत द्यायचे. एकूण अपेक्षित मतांत २ मिळवायचे, त्याला २ ने भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. तेवढी मते ज्या तुकडीत आहेत तिनेच काम करायचे. तीन संगणक असतील तर (३ + २) ÷ २ = २.५, म्हणजे गणपूर्ती २. तार तुटून दोन आणि एक अशा तुकड्या झाल्या तर दोघांची तुकडी काम चालू ठेवते आणि एकटा पडलेला थांबतो. दोन्ही तुकड्यांत एकाच वेळी बहुमत असूच शकत नाही, ही साधी अंकगणिती गोष्ट नोंदवहीचे रक्षण करते. चार संगणकांना गणपूर्ती ३ येते. म्हणजे दोन-दोन अशी फूट पडली तर कोणीच काम करत नाही. तीन असोत वा चार, एकच गेलेला चालतो. चौथ्या यंत्राचे पैसे खर्चून या बाबतीत काहीच हाती लागत नाही. दोन संगणकांचा गट तर फारच अडचणीचा: गणपूर्ती २, कोणीही एक गेला की दुसरा ठप्प. तेव्हा दोघांच्या सामाईक डिस्कलाच एक मत देत. जो तिच्यापर्यंत पोचेल त्याची दोन मते.

एकटा पडलेला संगणक 'थांबतो' म्हणजे बंद पडत नाही. तो जागच्या जागी गोठून राहतो आणि गणपूर्ती परत आली की पुढे चालू लागतो. खिडकीवरच्या कारकुनाला मात्र यंत्र मेल्यासारखेच दिसते.

याच यंत्रणेत 'शो क्लस्टर' ही आज्ञा होती. ती दिली की पडद्यावर एक तक्ता येई: संगणकाचे नाव, त्यावरील प्रणालीची आवृत्ती, आणि सदस्यत्वाची स्थिती. पूर्ण सदस्य, नवा आलेला, काढून टाकलेला अशा स्थिती होत्याच. पण संपर्क तुटला आहे, अजून काढलेले नाही, अशी एक मधली अवस्थाही होती. मला हा तक्ता आवडतो तो या मधल्या अवस्थेमुळे. नुसते हजर-गैरहजर न लिहिता 'अजून ठरलेले नाही' असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा त्यात होता.

एक गोष्ट मात्र तक्त्यावर लिहिलेली नसते. तो तक्ता संपूर्ण गटाचा नसतो. ज्या संगणकावर तुम्ही आज्ञा टाइप केली त्याला गट कसा दिसतो, एवढेच त्यात असते. समजा तीन संगणकांची नावे कृष्णा, कोयना आणि वारणा. वारणेची तार तुटली. कृष्णेवर बसून विचाराल तर कृष्णा आणि कोयना हजर, वारणा गैरहजर. वारणेवर बसून विचाराल तर वारणा हजर, बाकी दोघे गैरहजर. दोन्ही तक्ते आपापल्या जागी खरे आहेत. म्हणून जाणता देखभालकर्ता एकाच यंत्रावर विचारून थांबत नाही. जमेल त्या प्रत्येक यंत्रावर जाऊन तीच आज्ञा देतो आणि उत्तरे जुळवतो.

जिम ग्रे यांचे नाव वर आले. ते तेव्हा टँडेममध्ये होते. १९८५ मध्ये त्यांनी आपल्याच कंपनीच्या ग्राहकांकडील यंत्रे कशामुळे बंद पडली याचा हिशेब मांडला. यंत्रभागांचा दोष निघाला १८ टक्के वेळा, सॉफ्टवेअरचा २५ टक्के. देखभाल, मांडणी आणि चालवणारी माणसे यांच्याकडे ४२ टक्के गेले. यंत्रे इतकी भरवशाची झाली होती, की आता माणूस उठून दिसू लागला होता. या ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जानेवारी २००७ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाच्या बोटीतून समुद्रात गेले आणि परतले नाहीत. संकटाचा कोणताही निरोप आला नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांची छायाचित्रे मिळवून हजारो स्वयंसेवकांकरवी समुद्राचा इंचन्इंच पाहिला. काही सापडले नाही. न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले ते २०१२ मध्ये.

पुढची हकिकत थोडक्यात. टँडेम १९९७ मध्ये आणि डिजिटल १९९८ मध्ये, दोन्ही एकाच कॉम्पॅक कंपनीने विकत घेतल्या. तोवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली पसरू लागली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ॲलन रॉबर्टसन यांनी तिच्यासाठी 'हार्टबीट' म्हणजे हृदयाचे ठोके या नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. त्यातला निर्णय घेणारा भाग पुढे स्वतंत्र झाला आणि त्याचे नाव, अर्थातच, 'पेसमेकर'. जे काम करायला पूर्वी लाखो डॉलरची यंत्रे लागत ते आता दोन साध्या संगणकांवर होऊ लागले.

पेसमेकरच्या गटाची स्थिती पाहण्याची आज्ञा 'सीआरएम-मॉन' ही आहे. तिच्या उत्तरात या तुकडीला गणपूर्ती आहे की नाही, कोणता संगणक सध्या निर्णय घेतो आहे, कोण हजर, कोण गैरहजर, आणि कोणते काम कुठे चालू आहे हे ओळीने येते. गैरहजर संगणकापुढे कधी कधी आणखी एक शब्द असतो: 'अनक्लीन'. शब्दशः अस्वच्छ. त्याचा अर्थ असा, की हा संगणक गप्प आहे, पण तो खरोखर थांबला आहे याची खात्री झालेली नाही. कदाचित तो अजून डिस्कवर लिहीत असेल. जोवर हा शब्द आहे तोवर त्याचे काम दुसरा उचलत नाही.

ही खात्री करून घेण्याची रीत जरा रांगडी आहे. गप्प संगणक जिवंत आहे की मेला हे कळणे शक्य नसेल, तर त्याचा वीजपुरवठाच तोडायचा. मग तो नक्कीच मेलेला असेल. या उपायाला 'स्टोनिथ' म्हणतात. ती 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. अभियंत्यांचा विनोद कधी कधी असाच असतो. पण यामागचा विचार पक्का आहे: जे ओळखता येत नाही ते घडवून आणायचे.

हा उपायही कसा उलटतो याची नोंद गिटहब या कंपनीने प्रांजळपणे प्रसिद्ध केली आहे. जगभरच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम तिच्याकडे साठवलेले असते. २२ डिसेंबर २०१२ रोजी, शनिवारी, नेटवर्कच्या स्विचांची ठरलेली देखभाल चालू असताना सुमारे ९० सेकंद संगणकांचा परस्परसंपर्क तुटला. माहिती साठवणारे संगणक पेसमेकरच्या देखरेखीखाली जोड्यांनी काम करत होते. जोडीदार गप्प झालेला पाहून त्यांनी एकमेकांना मृत ठरवले आणि एकमेकांची वीज तोडण्याचे हुकूम पाठवले. पण हुकूम जाणार कसे? ते त्याच तुटलेल्या वाटेवर खोळंबले. संपर्क पूर्ववत झाला तसे साचलेले हुकूम पोचले आणि काही जोड्यांतल्या दोघांनी एकाच वेळी एकमेकांना बंद पाडले. काही जोड्यांत तर मधल्या काळात दोघेही स्वतःला मुख्य समजत होते. तिथे कोणाची नोंद खरी मानायची हे यंत्राला ठरवता येईना. माणसांना एकेका यंत्राच्या नोंदी वाचून, एकेक यंत्र एकटे सुरू करून ते पाहावे लागले. ९० सेकंदांच्या शांततेची भरपाई करायला ५ तास लागले.

वीज तोडणारे साधनच उत्तर देईनासे झाले, तर पेसमेकर 'अनक्लीन' हा शब्द तसाच ठेवून वाट पाहत राहतो. अशा वेळेसाठी देखभालकर्त्याच्या हाती एक आज्ञा आहे. 'हा संगणक बंद असल्याची खात्री मी स्वतः केली आहे' असा तिचा अर्थ. ती दिली की प्रोग्राम तपासणी काहीच करत नाही, कारण तपासण्याचा दुसरा मार्गच त्याच्याकडे नसतो. तो फक्त एकदा बजावतो, की यंत्र खरोखर बंद नसेल तर माहितीचा नाश होऊ शकतो, आणि विचारतो: पुढे जायचे का? हो किंवा नाही. हे अक्षर टाइप करण्यापूर्वी यंत्रांच्या खोलीत जायचे, त्या कपाटापुढे उभे राहायचे आणि दिवे विझलेले आहेत की नाहीत ते डोळ्यांनी पाहायचे.